कारणेदाखवा आत्या

माझ्या आत्याला अख्खी नगरपालिका पाठीमागे 'कारणेदाखवा' म्हणायची. ठेकेदारांचे करार तिच्या टेबलावरून जायचे, आणि कुणाचं काम बिघडलं की कारणे दाखवा नोटीस तीच काढायची. घरीही तेच. आम्ही भावंडं उशिरा आलो की बाई दारातच उभी, "हं, दाखवा कारणं!" आम्ही एकाहून एक थापा मारायचो आणि ती पोट धरून हसायची. आता मारे कितीही उशीर करा, विचारणारं कोणी नाही.

बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांची लाँड्री होती, आणि नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या चादरी धुण्याचा ठेका आमच्याकडे होता. घर त्यावरच चालायचं. वाफेने धुरकटलेल्या काचा, साबणाचा वास, रेडिओच्या वर आवाज चढवून भांडणारे आम्ही. काय दिवस होते ते! मी इस्त्रीवर असायचे. पुढे सुकवायचं यंत्र बिघडलं, आणि बाबांनी दुरुस्ती आज-उद्या करत ढकलली. दमट चादरीवर कडक इस्त्री फिरवायची आणि गरम असतानाच घडी घालायची. वरून कोरडी लागते, ओल आत राहते.

"गठ्ठ्यातल्या उबेने सुकतात गं," बाबा म्हणायचे.

डोंबल सुकतात! मी रोज भांडायचे, पण त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

एकदा आत्या शेजारच्या बाळंतिणीला बघायला दवाखान्यात गेली. बाळाला उचललं तर खालची चादर ओलसर. बाळाच्या पाठीवर पुरळ. तिने हेड नर्सला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बरेच दिवस असंच आहे हो. पण तुमच्या भावाचं काम, बोलायचं कसं?"

ते आत्याच्या मनाला फार लागलं. तिने स्वतःच तक्रार केली, आणि भावाचं प्रकरण म्हणून नोटीस काढायचं काम मुख्याधिकारी साहेबांवर सोपवलं. नोटीस साहेबांच्या सहीने आली: मुदतीत यंत्र दुरुस्त करा, नाहीतर करार रद्द. बाबा हसले. "ताई असताना माझा ठेका कोण काढतोय?"

मुदत संपली. यंत्र तसंच.

सुनावणीला मी बाबांबरोबर गेले. साहेब भला माणूस, आत्याकडे बघून म्हणाला, "अजून थोडी मुदत देऊन टाकू." आत्या तक्रारदारांच्या बाकावरून उठली. "साहेब, दुसऱ्या ठेकेदाराला दिली असती का? करारात लिहिलंय ते सगळ्यांना सारखं."

बाबा तिच्याकडे वळले. "ताई, घर चालतं गं त्यावर."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि खाली बसली.

करार रद्द झाला. घराची भयंकर ओढाताण झाली. गिऱ्हाइकांच्या शर्टांवर दिवस काढले. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तरीही ती यायची, आईजवळ बसायची. बाबा उठून आत जायचे. मलाही तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? आणि ती गेली की घर ओकंबोकं वाटायचं, त्याचा आणखी राग.

आत्या निवृत्त झाल्यावर तो ठेका पुन्हा निघाला. बाबांनी नवं यंत्र घेऊन अर्ज केला. आधीचा करार का रद्द झाला, असं नगरपालिकेत विचारलं. "चूक माझी होती," बाबा म्हणाले. ठेका मिळाला. आम्ही दोघं परत येताना त्यांनी रिक्षा घराकडे नेऊच दिली नाही. थेट आत्याच्या दारात.

तिने दार उघडलं. बाबा उंबऱ्याबाहेरच उभे. ठेक्याचं नावही न काढता त्यांनी विचारलं, "ताई, त्या सुनावणीच्या दिवशी तुला काय वाटलं गं?"

 आत्या म्हणाली, "घरी येऊन रडले, दुसरं काय. तुझ्याकडेच यावंसं वाटत होतं रे. रडायला दुसरं घर होतं कुठे मला?"

बाबा तिथेच पायरीवर बसले. आम्ही दोघींनी किती ओढलं, तरी उठायला तयार होईनात.