फाटकातून जाईल तोच ट्रॅक्टर

मैत्रिणींनो, आज ४ जून. सकाळी सव्वाअकरा वाजता ट्रॅक्टरच्या दुकानात विक्रेत्याने मला विचारलं, "बाई, घरातलं पुरुषमाणूस कुठाय?"

"वर गेलंय," मी म्हटलं. "बोलावू का खाली?"

घरामागच्या मुरमाड जागेत मला बाग करायची आहे. मातीचे ढीग हलवायला पुढे लोखंडी सूप बसवलेला छोटा ट्रॅक्टर हवा. विक्रेता मात्र मोठ्याचीच आरती ओवाळत होता. मी पिशवीतून सुतळी काढली. तिच्या दोन गाठींमध्ये माझ्या फाटकाची रुंदी होती. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिवणाच्या तासाला शिकवलंय, मोजल्याशिवाय कापायचं नाही. मोठ्याची चाकं गाठींबाहेर गेली. कोपऱ्यातला धुळकट धाकटा आत बसला, वर वीतभर सुतळी उरली.

दुकानात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मोहोळचे मिस्त्री हसले. "बाईंचं बरोबर हाय की! फक्त सूप भरून उचलताना मागं वजन बांधा, न्हायतर मागची चाकं उचलत्यात."

"मग चालवून बघते."

"बायकांना देत नाही," असं म्हणत विक्रेत्याने किल्ली खिशात घातली.

मिस्त्री म्हणाले, "मी शिकवतो की! लई सोपं हाय."

लिंबाची, चाफ्याची रोपं डब्यांत तयार आहेत. मिस्त्री तयार आहेत, मीही. माझ्याबरोबर शिकायला कोण येतंय?

हा कागद आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर लावलाय. प्रत दुकानाच्या मालकांना दिली आहे. धाकटा ट्रॅक्टर चाचणीसाठी माझ्या हाती देणार की नाही, हे त्यांनी शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. फाटक उघडंच ठेवते.