दाजींची धास्ती आणि सईचं ग्राफिक्स कार्ड

भीती या विषयात विद्यापीठानं पदवी ठेवली असती, तर आमचे दाजी पहिले आले असते. फक्त पदवी घ्यायला व्यासपीठाच्या पायऱ्या चढले नसते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पंपाच्या भागांची ड्रॉइंगं काढतात. आधी कागदावर काढायचे, आता कॉम्प्युटरवर. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत अंगणात उभे राहतात, आणि पन्हाळ्यावर तटाकडे पाठ करून कणीस खातात. "दरी दिसली न्हाय की पडायचं भ्या न्हाय," असं त्यांचं शास्त्र. पण इतरांची भीती पळ काढते, दाजींची अभ्यासाला बसते. फाउंड्रीत नवा कॉम्प्युटर आला, ग्राफिक्स कार्डाचे पंखे घोंघावले आणि दाजी खुर्चीसकट भिंतीला टेकले. हे आत करतं तरी काय, या धास्तीनं पुढे महिनाभर मिळेल ते वाचत राहिले.

म्हणून माझ्या मुलीला, सईला, ॲनिमेशन शिकायला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी त्यांना विचारलं. जास्त मेमरीचं कार्ड घेतलं की झालं, असं माझं मत होतं. दाजींचा चेहरा उतरला.

"मेव्हणं, तसं न्हाय वो. कार्ड म्हंजे फाउंड्री समजा. हजारो साधी माणसं एकदम चित्राचं ठिपकं रंगवत्यात. मेमरी म्हंजे साचं मांडायची जागा. जागा मोठी आन् माणसं थोडी, तर काम हुणार कसं? माणसं लय आन् जागा न्हाय, तर सगळी नुसती हुबी! आन् त्याच नावाचं कार्ड लॅपटॉपात असलं तर वीज कमी मिळती, जोर कमी पडतो. नावावर जाऊ नगा. मला तर नावाचंच भ्या वाटतंय."

तरीही मी नावावरच गेलो. दुकानदारानं कार्ड बसवून दिलं, पडद्यावर नाव झळकलं, सई नाचली. तीन आठवड्यांनी तिला कॉलेजात स्वतःचं काम दाखवायचं होतं. दाजी रविवारी आले, दारातूनच मशीनकडे बघत राहिले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांच्या पंपाची ड्रॉइंगं होती. एक उघडलं, दुसरं उघडलं, पाचवं उघडलं. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून घेत. सहाव्याला पडदा काळाठिक्कर पडला.

"जागाच न्हाय," दाजी पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आठ जीबी म्हणून दावतंय, पर आत दोनबी न्हाय. जुन्या कार्डाला नवं नाव लावलंय कुणीतरी."

सईचे डोळे भरले. तो दुकानदार आडदांड, आवाज चौकात ऐकू जाणारा. मी म्हटलं, राहू दे. पण दाजी चपला घालू लागले. मी मशीन रिक्षात घातलं. वाटेत तीनदा थांबून पाणी प्यायले. दुकानात दुकानदार ओरडला, "काय पावणं, मी चोर हाय व्हय?" दाजी माझ्या पाठीमागे सरकले. माझ्या दंडाला घट्ट धरून ते म्हणाले, "न्हाय वो. मीच लय भित्रा हाय. माझ्या समाधानासाठी एकदा सहा ड्रॉइंगं उघडून बघा की."

सहाव्याला तिथंही पडदा काळा झाला. दुकानदार खुर्चीत बसला. "मलाबी फसवलं की वो," म्हणाला, आणि दुसरं कार्ड काढलं. तेही दाजींनी तपासूनच घेतलं. मग घरी येऊन दोन दिवस तापानं झोपले.

सई आता पुण्यात नोकरी करते. दाजी तिला रोज संध्याकाळी फोन करतात, "कार्ड तापलंय का गं?" तिच्या ऑफिसात टेबलावर नुसता पडदा असतो, कार्डं कुठल्याशा कुलूपबंद खोलीत. तरी ती मनानं एक आकडा सांगते, सत्तर अंशांच्या आतला. वरचा सांगितला तर मामा, म्हणजे दाजी, जेवत नाहीत, म्हणते.

परवा फोन आला नाही. साडेसातला सईनंच मला विचारलं, "पप्पा, मामा बरं हायत न्हवं?" दाजी देवळात गेले होते, फोन घरी राहिला होता. दुसऱ्या फोनवरून बहिणीला विचारून हे कळेपर्यंतची दहा मिनिटं ना सईनं फोन ठेवला, ना मी.