रोध, विरोध नव्हे

रोज सकाळी इस्त्रीचं बटण दाबायच्या आधी अंबिकाबाई दारात येऊन आमच्या खोलीकडे हाक द्यायच्या, "शैला, इस्त्री लावतेय गं!" शैला म्हणजे माझी आई. नायगावच्या आमच्या चाळीत त्यांच्या आणि आमच्या खोलीला एकाच जुन्या वायरीतून वीज यायची. तिकडे इस्त्री आणि इकडे मिक्सर एकदम लागले की फ्यूज उडायचा. आई खोबरं तसंच ठेवून थांबायची. बाईंची सुती साडी कडक झाली की दुसरी हाक यायची, मगच आमच्याकडे वाटण व्हायचं.

बाई जवळच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. चाळीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, मीही. विजेचा धडा आला की त्या एका लाकडी फळीवर ताणलेली तार वर्गात आणायच्या आणि तिला बॅटरी जोडायच्या.

"विभवांतर किती? सहा व्होल्ट. धारा किती? अर्धा अँपिअर. मग रोध?"

"बारा ओहम!"

"आणि शक्ती?"

इथे आवाज खाली यायचे. भागायचं की गुणायचं, कुणाला आठवायचं नाही.

"रोधाला भागा, शक्तीला गुणा. तीन वॅट." मग त्या आणखी एक बॅटरी जोडायच्या. "तार तीच, रोध तोच. विभवांतर दुप्पट, म्हणून धाराही दुप्पट. आता शक्ती?"

"बारा वॅट!"

"म्हणजे चौपट. तार चौपट तापणार."

"डोक्याला ताप, बाई," मागून कुणीतरी म्हणायचं, आणि सगळ्यांच्या आधी बाईच हसायच्या.

एका चुकीला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. घाईत पोरं पेपरात 'रोध'ऐवजी 'विरोध' लिहायची. गणित बरोबर असलं तरी बाई अर्धा मार्क कापायच्या. "विरोध मोर्चात असतो रे. तारेत असतो तो रोध." हे वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं झालं होतं. हा अर्धा मार्क सगळ्यात जास्त वेळा गेला तो हितेंद्रचा. पुढे तो बांधकामाच्या धंद्यात शिरला आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचा विश्वस्त झाला.

पटसंख्या घसरली तेव्हा संस्थेने ठरवलं, विज्ञान यापुढे इंग्रजीतून. बाईंचा वर्ग राहणार की जाणार, हे एका पाठावर ठरायचं होतं. विश्वस्तांसमोर त्यांनी हाच धडा इंग्रजीतून शिकवून दाखवायचा. दिवाळीची सगळी सुट्टी भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येत होतं, रेझिस्टन्स, रेझिस्टन्स, रेझिस्टन्स.

"बाई जप करतायत," आई म्हणायची.

त्या पाठाला गणिताचे प्रफुल्ल सर मागच्या बाकावर होते. त्यांनीच नंतर आमच्या घरी सगळं सांगितलं. सुरुवात छान झाली. व्होल्टेज, करंट नीट आले. मग तारेवर बोट ठेवून बाई थांबल्या. सुट्टीभर घोकलेला शब्द नेमका येईना. बोट तारेवरून एकदा पुढे गेलं, मागे आलं.

"धिस वायर हॅज... ऑपोझिशन."

"बाई, विरोध नव्हे, रोध!" हितेंद्र खुर्चीतून ओरडला. "अर्धा मार्क गेला!"

पोरं हसली, विश्वस्त हसले. बाईसुद्धा हसल्या. मग फळ्याकडे वळून त्यांनी मुकाट्याने गणित पुरं केलं. बारा ओहम, तीन वॅट. फळ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सर म्हणाले.

जूनपासून विज्ञानाला नवी मॅडम आली. बाईंच्या वाट्याला चित्रकला आणि कार्यानुभव. तारेची फळी अडगळीच्या कपाटात गेली. वर्गात पडद्यावरच्या तारेतून निळे ठिपके पळू लागले. हितेंद्र पेढे घेऊन चाळीत आला, बाईंच्या पाया पडला. "मनावर घेऊ नका हं बाई. पोरांकडून छान फुलंबिलं काढून घ्या. टेन्शनच नाही." बाईंनी त्याला चहा दिला, बशीत बिस्किटंही ठेवली.

तो जिना उतरला तसे बाईंकडे आलेले प्रफुल्ल सर उखडले. "लेखी विरोध नोंदवा, बाई. सही मी पण करतो."

"विरोधाला तोंड लागतं, सर." बाई कप विसळत होत्या. "आमच्याकडे नुसता रोध."

"आणि मग तार तापते त्याचं काय?"

"तापू दे. घंटा झाली की बॅटरी काढतातच की."

साडी पूर्वीइतकीच कडक इस्त्रीची असायची. शाळेतली एक मुलगी मला म्हणाली, चित्र काढायला दिलं की बाई भिंतीशी खुर्ची ओढून बसतात. पलीकडे नव्या मॅडमचा विज्ञानाचा तास असतो. तिथे कुणाचं उत्तर चुकलं की इकडे बाईंचे ओठ हलतात.

थंडी सरता सरता, कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं कापत असताना, त्या खुर्चीतच गेल्या. शाळेच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'आमच्या कलाशिक्षिका.' खाली दोन फुलं काढली होती, रंगीत.

त्या सकाळीही त्या दारात आल्या होत्या. गरम साडी हातावर होती. आई वाटीत खोबरं घेऊन थांबली होती.

"शैला, लाव तुझा मिक्सर," बाई म्हणाल्या. "माझं झालं."