सोमाला टाकलेले चार बॉल

तिसऱ्या वेळीही बॅटरच्या मागे बसणारा कॅचर उठून बाजूला जाऊन उभा राहिला, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. पिचरने बॉल टाकला तो सोमाच्या बॅटपासून चांगला हातभर लांब. मग दुसरा. तिसरा. चौथा. अंपायरने पहिल्या बेसकडे हात केला. सोमाने बॅट जमिनीवर ठेवली आणि मान खाली घालून चालत पहिल्या बेसवर गेला.

मी आमच्या जिल्हा बेसबॉल लीगची ऑफिशियल स्कोअरर. शाळेत गणित शिकवून रिटायर झाले आणि मुलगी खेळायची म्हणून या कामात पडले. स्कोअररने प्रत्येक बॉलचं काय झालं ते लिहायचं आणि सीझन संपला की बॅटिंगमध्ये पहिला कोण, पिचिंगमध्ये पहिला कोण, ते काढून द्यायचं. बक्षिसं त्यावर ठरतात.

त्या सीझनला बॅटिंगच्या बक्षिसाला नुसती ट्रॉफी नव्हती. पहिल्या नंबरच्या बॅटरला राज्याच्या कॅम्पला थेट बोलावणं होतं. जागा एकच. आणि शेवटच्या मॅचपर्यंत दोघे जण तिच्यासाठी चिकटून होते. देवळाली प्रवराचा अल्ताफ, वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करून खेळायला येणारा. आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातला सोमनाथ, ज्याला सगळे सोमा म्हणायचे. दोघांच्या ॲव्हरेजमध्ये फरक होता तो दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यात. अल्ताफ पुढे.

ॲव्हरेज म्हणजे, जितक्या वेळा खरी बॅटिंग केली त्यातल्या किती वेळा हिट मारून बेस गाठला. यातली मेख अशी की वॉक यात धरत नाहीत. चार बॉल बाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. ना फायदा, ना तोटा. ॲव्हरेज होतं तिथेच राहतं.

शेवटची मॅच नेमकी या दोघांच्या टीममध्ये होती, सावेडीतल्या एका कॉलेजच्या ग्राउंडवर. सोमाला एक हिट मिळाली की तो पुढे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. देवळालीच्या पवार सरांनाही. त्यांनी अल्ताफला बेंचवर बसवलं, म्हणजे त्याचं ॲव्हरेज खाली यायचा प्रश्न नाही. आणि पिचरला सांगितलं, सोमाला खेळू द्यायचं नाही.

सोमाच्या गावाहून जीप भरून माणसं आली होती. बेसबॉल कधी पाहिलेला नव्हता. तिसऱ्या वॉकनंतर त्याचे मामा माझ्या टेबलाशी आले. डोक्याला टोपी, हातात शेंगांची पुडी.

"बाई, आमच्या पोराला बॉल का टाकत न्हाईत?"

"तो चांगला खेळतो म्हणून, मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मंग आमी काय बघायला आलो?"



इनिंग संपल्यावर मी पवार सरांकडे गेले. स्कोअररने हे करायचं नसतं. तरी गेले.

"सर, एकदा तरी खेळू द्या त्याला."

"मॅडम, नियमात आहे ना?"

"आहे."

"मग झालं. हे बघा, अल्ताफचं वय यंदा संपतंय. पुढच्या वर्षी त्याला या गटात घेणारच नाहीत. सोमाला अजून एक वर्ष आहे. मी माझ्या पोराचं बघायचं का त्याचं?"

त्यांचं अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. अल्ताफ मागेच बसला होता. तो उठून म्हणाला, "सर, मला खेळू द्या. मी मारीन. मला असलं नको."

"खाली बस," पवार सर म्हणाले. तो बसला.

मग अंपायरला विचारलं. त्यांनी मास्क वर केला आणि म्हणाले, "मला पण आवडत नाहीये, मॅडम. पण थांबवायचं कशाच्या आधारावर?"

शेवटची इनिंग. देवळाली तीन रननी पुढे. अकोल्याचे दोन आऊट झालेले आणि तिन्ही बेसवर त्यांचे खेळाडू. बॅटिंगला सोमा. अशा वेळी वॉक दिला की सगळे एकेक बेस पुढे सरकतात आणि समोरच्या टीमला एक रन आपणहून द्यावी लागते. मला वाटलं, आता तरी टाकतील. कॅचरने पवार सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. कॅचर बाजूला झाला.

पहिला बॉल बाहेर. दुसरा बाहेर. जीपमधून आलेली माणसं ओरडायला लागली. तिसरा बाहेर. सोमाने एकदा बेंचवरच्या अल्ताफकडे पाहिलं. अल्ताफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

चौथा बॉल सुटला आणि सोमा पुढे झेपावला. एका हाताने बॅट लांब फेकल्यासारखी फिरवली. आवाज असा आला की टेबलावरचा चहाचा कप धरलेला माझा हात तिथेच थांबला. बॉल पहिल्या बेसच्या डोक्यावरून गेला आणि मोकळ्या गवतात पडला. सगळे धावत सुटले. मामा टोपी हलवत आत यायला निघाले. माझ्याही तोंडून "गेला!" निघून गेलं, आणि तेही स्कोअररने करायचं नसतं.

तेवढ्यात अंपायरचा हात वर दिसला. मूठ आवळलेली. आऊट.

बॅटरला उभं राहायला चुन्याने चौकोन आखलेला असतो. पाय पूर्ण त्या चौकोनाबाहेर टेकवून बॉल मारला, तर तो कुठेही जावो, बॅटर आऊट. सोमाचा पाय चांगला बाहेर होता. बॉलच तिथे होता, तर पाय तरी कुठे ठेवणार?

तिसऱ्या आऊटला इनिंग संपते. मॅचही संपली. सोमा पहिल्या बेसच्या पुढे कुठेतरी उभा होता. त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याच टीममधला एक जण गेला, खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घेऊन आला. वॉकने मिळणारी हातची रन गेली म्हणून कोणी त्याला बोललं नाही.

मी लिहिलं. असा आऊट नियमाने कॅचरच्या नावावर जातो. ज्या कॅचरने बॉलला हातही लावला नव्हता, त्याच्या. वॉक घेतला असता तर सोमाचं ॲव्हरेज होतं तेवढं राहिलं असतं. आता ते उतरलं आणि तो तिसऱ्या नंबरवर गेला. दुसऱ्या नंबरची छोटी ट्रॉफीसुद्धा थोडाच मागे असलेल्या राहुरीच्या एका मुलाला मिळाली.

अल्ताफ टेबलाशी आला. "मॅडम, ती हिट लिहा ना."

"अंपायरनी आऊट दिलंय, बाळा."

"पण सगळ्यांनी बघितलं ना."

"बघितलं. मीही बघितलं."

बक्षीस घेताना त्याने ट्रॉफी घेतली आणि फोटोला न थांबता खाली उतरला. पवार सरांनी त्याला परत वर पाठवलं.

तो कॅम्पला गेला. राज्याच्या टीममध्ये निवड झाली नाही. नंतर एकदा गॅरेजमध्ये स्कूटर दाखवायला गेले तेव्हा म्हणाला, "तिथं सगळे विचारायचे, शेवटच्या मॅचला किती मारल्या? काय सांगणार, मॅडम?" आता तो खेळत नाही. पवार सरांनी परत तो विषय काढला नाही. रस्त्यात भेटले की ते नमस्कार करून लगेच पुढे जातात.

उन्हाळ्यात कमिटीची मीटिंग झाली. मी सांगितलं, कॅम्पला एकाऐवजी पहिले तिघे पाठवायची राज्याकडे परवानगी मागा. शिवाय, जो शेवटच्या मॅचमध्ये खेळला नाही, त्याला बक्षीस नाही. थोडी वादावादी होऊन दोन्ही मान्य झालं आणि परवानगीही आली. मला फार बरं वाटलं. पुढचा सीझन जवळ आला तशी अकोल्याच्या टीमची नावं आली. सोमा नव्हता. मी फोन लावला.

"सोमा, नियम बदललाय. आता तिघं जातात कॅम्पला. तुझं एक वर्ष आहे अजून."

"व्हय, कळलं मॅडम. बरं झालं पोरांसाठी."

"मग तू?"

"भाताची सोंगणी चाललीय. आन् मॅडम, गावातली मानसं परत यायची न्हाईत बघायला. त्यांना ते लई लागलं. मलाबी मंग यावंसं वाटंना."

मी आग्रह केला. तो "बघतो" म्हणाला. आला नाही.

गेल्या सीझनला आमचे तीन बॅटर कॅम्पला गेले. त्यांच्यात सोमाच्या तोडीचा एकही नाही, हे मी कमिटीत बोलत नाही. एवढं मात्र सांगते की बक्षीस ठेवायच्या आधी, ते मिळवण्यासाठी माणसं काय काय करतील याचा विचार करून नियम लिहावेत. आम्ही तो नंतर केला.