गळ्यापर्यंत पुरलेली तीन कलमं

सदर इसम वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त आरेखक, बांधा मध्यम, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. अपत्य एक, मुलगी. प्रत्येक बाबतीत स्वतःचे मत असून ते बदलल्याची नोंद नाही. पत्नी मागील वर्षी मयत.

ही पत्नी परसात टोमॅटो लावायची. वेडेवाकडे, पातळ सालीचे, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही असे. पण बी तीस वर्षं घरचंच धरलेलं. ती गेली तेव्हा डबीत अकरा बिया होत्या. त्याने सगळ्या कुंडीत पेरल्या. तीन उगवल्या. आणि परसातल्या मातीला तर मर रोग लागलेला. हिरवीगार झाडं एका दुपारात माना टाकायची.

"काका, रानवांग्यावर कलम करा," रोपवाटिकेवाला म्हणाला. "त्याच्या मुळांना मर बाधत नाही. फक्त जोड मातीच्या वर चार बोटं ठेवा."

हात आरेखकाचा. नव्या ब्लेडने तिरपे काप घेतले, खाली रानवांग्याचा खुंट, वर तिच्या टोमॅटोचा शेंडा, जोडाला नळीची चिमटी, वरून झाकायला कापलेली बाटली. घरात तान्हं निजलं असावं तसा तो आठ दिवस पाय न वाजवता वावरला. तिन्ही जगली. लेकीला फोन केला.

"बाबा, आई म्हणाली असती, एवढं नाजूक काम येतं, तर सुईत दोरा मलाच का ओवायला लावलात जन्मभर?"

"म्हणाली असतीच."

मग लावणी. "अहो, टोमॅटो गळ्यापर्यंत पुरायचा, वरवर काय खोचताय?" हे बायको दरवर्षी सांगायची. तो हूं म्हणून वरवरच खोचायचा, आणि ती मागून येऊन पुन्हा पुरायची. या वर्षी मागून येणारं कुणी नव्हतं. त्याने तिन्ही कलमं गळ्यापर्यंत पुरली, माती तळहाताने दाबली. चार बोटं त्याला आठवत होती. पण रोपवाटिका उघडून सहा वर्षं झाली होती; बायको तीस वर्षं टोमॅटो लावत होती.

जोडाच्या वर, मातीत गेलेल्या देठाला टोमॅटोची स्वतःची मुळं फुटली. त्यांतून मर चढली. पहिली फुलं आली त्याच आठवड्यात तिन्ही झाडांनी माना टाकल्या.

रोपवाटिकेवाल्याने एक उपटून पाहिलं. "काय हो काका! एवढं खोल पुरायला सांगितलं कुणी?"

"घरातून," तो म्हणाला.

त्या टोमॅटोचं बी आता कुणाकडेच नाही.