उमाजीचा टांगा आणि अर्धं दार

सिकंदराबादेत रोशनबाग टॉकीज होती, तेव्हाची गोष्ट. आता कुठं होती म्हणून विचाराल तर दाखवता यायची नाही, तिथं कपड्यांची दुकानं झालीत. पण त्या काळी तिच्या फाटकात एक टांगा उभा असायचा, टांग्याला गंगू नावाची पांढरी घोडी आणि टांग्यात पत्र्याचा भोंगा घेतलेला उमाजी. नवा पिक्चर आला, की गल्लोगल्ली फिरून त्याची दवंडी द्यायची हे उमाजीचं काम.

उमाजी बिलोलीकडचा. शाळा गावातच, चौथीपर्यंत. पण जीभ अशी, की मराठी, तेलुगू, दखनी, ज्या गल्लीत जाईल त्या गल्लीची भाषा. आणि त्याच्या एकेक युक्त्या! टांग्याच्या पाठीला पिक्चरचं रंगवलेलं पोस्टर असायचं, त्याच्या अर्ध्यावर बायकोचं जुनं लुगडं टाकायचा. नटीचा एक डोळा तेवढा दिसायचा. दुसऱ्या डोळ्यात पाणी आहे की नाही, ते टॉकीजमध्ये जाऊन बघा! ताशा जोरात वाजवायचा आणि ऐन रंगात एकदम थांबवायचा. मग भोंगा बाजूला ठेवून हळू बोलायला लागायचा. हळू बोललं की बायका जिन्यावरून खाली येतात, हे त्याला ठाऊक. "आणि मग त्यानं कडी काढली, दार अर्धं उघडलं, आत बघतो तर…" एवढं बोलून तो गप्प व्हायचा. तो गप्प झाला की गंगू आपण होऊन चालू लागायची. तिला तशी सवयच लावली होती. मागं पोरांची ओरड, "अरे उमाजी, आत कौन था? बोल ना रे!"

"मेरेकू क्या मालूम?" उमाजी ओरडायचा.

आणि ते खोटं नव्हतं. कुठलाही पिक्चर तो मध्यंतरापर्यंतच बघायचा. मध्यंतर झालं की उठून गंगूला चारा घालायला जायचा. "शेवट पोटात असला की तोंडावर येतो," असं त्याचं म्हणणं.

छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी ठरली. मराठी मुलूख मुंबई राज्यात जायचा होता. कचेऱ्यांतल्या मराठी मंडळींना औरंगाबादेला बदलीचे हुकूम यायला लागले. कोण जाणार, कोण राहणार, घरोघरी तोच घोर. त्यातच टॉकीजचे मालक अप्पाराव यांनी उमाजीला आत बोलावलं आणि पडद्याकडं बोट केलं.

"एमय्या उमाजी, ये देखो. ट्रेलर आया."

येत्या शुक्रवारच्या पिक्चरचा ट्रेलर होता. स्टेशनवर ताटातूट झालेले बहीणभाऊ. गाडीचं चाक, पोरीचा हात, धूर. मग मोठा झालेला भाऊ एका दारापाशी येतो, कडीला हात लावतो, वाजंत्री टिपेला जाते आणि एकदम अंधार! सगळ्या टॉकीजनं एकदम श्वास घेतला.

उमाजीनं मांडीवर थाप मारली. "मालक, हे तर माझंच काम! फक्त घोडी नाही."

"हौ," अप्पाराव म्हणाले. "घोडीचा चारा पण नाही. या शुक्रवारी तारनाक्याचा जनाना आला नाही, तर टांगा विकून टाकतो. गंगूसकट."

उमाजीचं हसू जागच्या जागी विझलं. घरी बायको, पंचफुला, म्हणाली, "अहो, त्या ट्रेलरात नाही असं काही तरी सांगा की."

ट्रेलरात नव्हता तो एक शेवट. म्हणून जन्मात पहिल्यांदा उमाजी मालकांच्या चाचणी खेळाला शेवटपर्यंत बसला. दार उघडलं. बहीण समोर. गळ्यात गळा. उमाजी डोळे पुसत बाहेर आला आणि चारा घालायचा विसरला.

दुसऱ्या दिवशी टांगा तारनाक्याला रेल्वे क्वार्टरांत गेला. लुगडं, ताशा, हळू बोलणं, सगळं यथासांग झालं. "भावानं कडीला हात लावला आणि…" उमाजी थांबला. गंगूनं पाऊल उचललं.

तेवढ्यात तिथल्याच एका क्वार्टरातली सरुबाई लाटणं हातात घेऊन धावत आली. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या भावानं, निवृत्तीनं, तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं. त्या निवृत्तीला आदल्याच दिवशी औरंगाबादेचा हुकूम आला होता.

"उमाजी, भेटतात का रे ती दोघं? खरं सांग."

उमाजीनं तिच्याकडं बघितलं आणि लगाम खेचला. गंगू चमकून उभी राहिली. अशा वेळी तिला कधी कुणी थांबवलं नव्हतं.

"भेटतात, आक्का. चांगली गळ्यात पडून भेटतात."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. एकजण हसून म्हणाला, "हात्तिच्या, मग आता पैसे कशाला घालवायचे?" सरुबाईनं मात्र आत जाऊन एक भाकरी आणली आणि गंगूच्या तोंडात दिली. उमाजी परत आला तो गंगूची मान कुरवाळत. गेला टांगा, असंच त्याच्या मनानं घेतलं होतं.

शुक्रवारी अप्पाराव फाटकात उभे, चेहरा लाल. शेवट फुटल्याची बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. पण तारनाक्याकडून बायका येताना दिसल्या, एक घोळका, मागून आणखी एक. पुढं सरुबाई, शेजारी निवृत्ती. जनान्यात जागा पुरेना, बाकं आणावी लागली.

अप्पारावांना राहवेना. "अम्मा, शेवट ठाऊक होता ना? मग आलात कशाला?"

"भेटतात म्हणाला म्हणूनच आले," सरुबाई म्हणाली. "आमचंच पुढं काय होणार ते ठाऊक नाही. वर पैसे देऊन आणिक घोर कोण विकत घेतंय?"

अप्पाराव खेळ सुटल्यावर रुमालानं नाक पुसत उमाजीला एवढंच म्हणाले, "गंगूला नाल ठोकून घे. सोमवारी मारेडपल्लीला जायचं आहे."

निवृत्ती मनमाडच्या गाडीनं गेला. भाऊबीजेला यायचा, कधी रजा नसली की नाही यायचा. टांगा पुढं कैक वर्षं चालला. उमाजी पुन्हा मध्यंतराला उठायला लागला.

घोटाळा केला तो गंगूनं. सरुबाईच्या दारात उमाजी कितीही ताणून थांबला, तरी ती भाकरीसाठी मान वळवून उभीच. टांगा हलेना, बायका हसायच्या, आणि अर्धं वाक्य उमाजीच्या तोंडात लोंबकळत राहायचं.

"मग? पुढं काय होतं?" सरुबाई विचारायची.

शेवट उमाजीला ठाऊक नसायचा. मग तो मनानंच रचायचा आणि झाडून सगळ्यांना भेटवायचा.

पिक्चर बघून आली की सरुबाई जिन्यातून ओरडायची, "मेल्या, तो तर दरीत पडून मेला की रे!"

"मरायचाच तो, आक्का," उमाजी म्हणायचा. "पण तुमच्या दारात कसं सांगू?"

सरुबाई पुटपुटत आत जायची आणि भाकरी घेऊन यायची. गंगू वाट बघत उभीच असायची.