जयवंतकाकांचा डावा हात

डिलाईल रोडच्या चाळीत राहणारे जयवंतकाका पोस्टातून निवृत्त झाले, पण त्यांना पोस्टमन म्हणून कोणी ओळखत नाही. ते भजनातले ढोलकीवाले. ढोलकीला दुसऱ्याचा हात लागला तर दिवसभर कुरकुरणार, असा माणूस.

त्यांचा मुलगा वैभव कॉम्प्युटरवर गाणी बनवतो. चाळीच्या गणपतीसाठी त्याने एक गाणं केलं आणि काकांना माझ्या भायखळ्याच्या स्टुडिओत घेऊन आला. मशीनचा ठेका खाली, बाबांची ढोलकी वर, असा बेत होता.

काकांनी वाजवलं. उजव्या हाताच्या लाह्या फुटत होत्या, पण डाव्या हाताचा घुमारा येईचना. बोटं आखडलेली दिसत होती. बोलायची हिंमत ना वैभवला झाली ना मला. काका घरी गेल्यावर आम्ही त्यांच्या डाव्या हाताच्या प्रत्येक थापेखाली मशीनचा घुमारा गुपचूप चिकटवला.

“ज्युलियन, बाबांना कळणार नाय रे,” वैभव म्हणाला. मीही मान डोलावली. तीस वर्षं हा धंदा करतोय, तरी अक्कल आली नाही.

रविवारी काका ऐकायला आले. चार ठेके झाले आणि त्यांनी हात वर केला.

“थांबव मेल्या. ह्यो घुमारो माझो नाय.”

वैभवचा चेहरा पडला. “बाबा, तुमचा हात...”

“माका म्हायत हा. दोन वर्सां झाली. म्हणान तर भजनात झांजेच्या बाजूक बसतंय, कोणाक कळत नाय.”



“काढून टाकू?” वैभवने घाबरत विचारलं. काढला असता तर गाण्यात काकांचा एकच हात उरला असता, हे तिघांनाही कळत होतं.

काकांनी खुर्ची स्पीकरजवळ ओढली. मग म्हणाले, “काढतस कित्या? जाग्यावर ठेव. माझो डावो वायच मागसून पडता.”

पुढचे तीन तास त्यांनी आमचा पिट्ट्या पाडला. मशीनची एकेक थाप केसभर मागे, केसभर पुढे. चहा गार झाला, वडापाव तसाच राहिला. शेवटी मी गाणं पहिल्यापासून लावलं. काकांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

“हां. ह्यो माझो,” ते म्हणाले, आणि दोन वर्षं लपवलेला तो हात त्यांनी वैभवच्या हातात दिला.